सूत्र, दृष्टान्त आणि रिकाम्या जागा : भूमिकाखेळाच्या नियमपुस्तकांविषयी

महानुभावीय 'दृष्टान्तपाठा'ची त्रिपदरी रचना मराठीच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे : आधी सूत्र, मग दृष्टान्त, शेवटी दार्ष्टान्तिक. चक्रधरांची वचने ज्यांनी प्रत्यक्ष ऐकली नव्हती त्यांच्यापर्यंत ती पोचवताना केसोबासांनी हा क्रम योजला. ज्याने गुरूला पाहिलेले नाही त्याला सूत्र हातात देऊन भागत नाही, ही जाणीव त्यामागे असावी. हाच प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एका अगदी निराळ्या, सर्वस्वी लौकिक क्षेत्रात उभा राहिला आणि त्याला निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळी वाङ्मयीन उत्तरे दिली. ते क्षेत्र म्हणजे अमेरिकेत जन्मलेला टेबलाभोवतीचा अद्भुतरम्य भूमिकाखेळ, म्हणजेच 'रोल-प्लेइंग गेम'. या खेळाची नियमपुस्तके साहित्य म्हणून वाचण्याची आपल्याकडे प्रथा नाही. ती तशी वाचली तर काय हाती लागते, हे येथे पाहावयाचे आहे.

खेळाचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. चार-सहा माणसे टेबलाभोवती बसतात. त्यांपैकी एक जण प्रसंग, स्थळ, शत्रू, मित्र, हवापाणी सर्व काही सांगतो. त्याला आरंभी 'रेफरी' आणि पुढे 'डन्जन मास्टर' म्हणू लागले. आम्ही त्याला सूत्रधार म्हणू. उरलेल्यांकडे प्रत्येकी एक पात्र असते. "मी दार हळूच उघडतो", "मी दिवा विझवते" असे ते बोलत जातात आणि ज्या कृतीचे फळ अनिश्चित असते तिचा निवाडा फासे करतात. पट असलाच तर दुय्यम. खेळाला ठरावीक शेवट नसतो आणि कोणी जिंकत नाही. हे वर्णन वाचून हा खेळ कळला असे कोणाला वाटले तर ती चुकीची समजूत ठरेल. नेमकी हीच अडचण या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे.

या खेळाची पूर्वपीठिका युद्धखेळांत आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसविट्झ यांचा 'क्रीगश्पील' रूढ झाला. त्यात हालचालींचा निवाडा एक पंच करीत असे. पुढे १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्नोआ या सेनाधिकाऱ्याने नियमांचे जंजाळ बाजूला सारून अनुभवी पंचाच्या विवेकावरच खेळ सोपवावा, अशी भूमिका मांडली. याचा एक परिणाम आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे : पंच जाणता असेल तर खेळणाऱ्याला नियम ठाऊक असण्याची गरज उरत नाही. आपण काय करू इच्छितो एवढे त्याने सांगावे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी 'ब्राउनश्टाइन' नावाचा प्रयोग केला आणि सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका प्रत्येक खेळाडूला दिली. तो पाहिलेल्या डेव्ह आर्नसन यांनी १९७०-७१च्या सुमारास 'ब्लॅकमूर' हे काल्पनिक जग रचले. त्या मंडळींत नवा माणूस आला तर त्याला कोणी पुस्तक वाचायला देत नसे, पुस्तक नव्हतेच. तो बसे, ऐके, विचारी आणि तासाभरात भुयारात उतरलेला असे.

ही विद्या मौखिक होती. अडचण आली ती मुद्रणाबरोबर.

विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा या छोट्या गावातील गॅरी गायगॅक्स यांनी आर्नसन यांच्या सहकार्याने १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला. पहिल्या हजार प्रती, पेटीत तीन पातळ पुस्तिका, किंमत दहा डॉलर. मुखपृष्ठावर भूमिकाखेळ हा शब्दप्रयोगही नव्हता. मध्ययुगीन अद्भुत युद्धखेळांचे नियम असेच त्याचे वर्णन होते. लढाईसाठी वाचकाजवळ 'चेनमेल' हे १९७१चे दुसरेच नियमपुस्तक असेल असे गृहीत धरलेले होते आणि रानावनातील प्रवासासाठी दुसऱ्या एका कंपनीच्या खेळाचा पट वापरायला सांगितले होते. ज्यांनी हे लिहिले ते युद्धखेळांच्या मंडळांत वाढलेले, आणि ज्यांच्यासाठी लिहिले तेही त्याच मंडळांतले, अशी लेखकाची कल्पना दिसते. या पुस्तिका म्हणजे शुद्ध सूत्रवाङ्मय. गुरुमुखातून ऐकलेल्याला आठवण करून देण्यापुरत्या त्या पुरेशा, इतरांना कोडे.

तरीही तिसऱ्या पुस्तिकेत एक विलक्षण गोष्ट आहे. भुयारातील संचाराचे नियम सांगता सांगता गायगॅक्स थांबतात आणि पंच व खेळाडूंचा प्रवक्ता यांच्यातील छोटा संवाद देतात. प्रवक्ता म्हणतो आम्ही इकडे वळतो, पंच सांगतो समोर काय आहे. दोन आवाज, नाटकाच्या संहितेसारखे छापलेले. आमच्या मते त्या पेटीतील अनेक कोष्टकांपेक्षा या संवादाने अधिक लोकांना खेळ शिकवला असावा. खेळात मुळात करायचे काय, तर बोलायचे, हे तिथे प्रथमच दिसते. पुढच्या जवळजवळ प्रत्येक नियमपुस्तकात असा नमुनासंवाद येतो. तो या वाङ्मयप्रकाराचा दृष्टान्त आहे.

पेटी परक्यांच्या हाती पडली आणि प्रत्येकाने आपापला अर्थ लावला. ॲरिझोनातील फिनिक्सचे ग्रंथपाल केन सेंट आंद्रे यांना कल्पना मोहक वाटली, पण नियम गोंधळाचे वाटले. त्यांनी १९७५ मध्ये स्वतःचाच खेळ लिहून काढला, 'टनेल्स अँड ट्रोल्स', आणि तोही घरोघरी असणाऱ्या साध्या सहा बाजूंच्या फाशांवर. त्याच खेळासाठी रिक लूमिस यांनी १९७६ साली 'बफेलो कॅसल' हे एकट्याने खेळायचे साहस रचले : परिच्छेद वाचा, निवड करा, सांगितलेल्या परिच्छेदाकडे जा. सूत्रधार मिळत नसेल तर पुस्तकालाच सूत्रधार करावे, हे त्यातले बीज. इंग्लंडमध्ये १९८२ साली स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन यांच्या 'द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन' या चारशे परिच्छेदांच्या पुस्तकाने तेच बीज मुलांच्या पेपरबॅकमध्ये रुजवले. एका पुस्तकाच्या दुर्बोधतेतून दुसरी परंपरा निघावी, हे वाङ्मयेतिहासाला नवे नाही.

दुर्बोधतेचा एक भाग निव्वळ भाषिक होता. 'लेव्हल' या एका शब्दाने पात्राची प्रगती, मंत्राचे काठिण्य, राक्षसाचे बळ आणि भुयाराचा मजला अशा चार गोष्टी सांगितल्या जात. १९७८च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये गायगॅक्स या चौपट अर्थाची कबुली देतात. निरनिराळ्या अर्थांसाठी निरनिराळे शब्द योजण्याचा विचार झाला होता, पण जुना शब्द खेळणाऱ्यांच्या तोंडी इतका बसला होता की तो तसाच ठेवला, असे स्पष्टीकरण ते देतात. परिभाषा घडवणाऱ्या कोणाही मराठी माणसाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. आत असलेल्यांच्या सोयीसाठी बाहेरच्याची गैरसोय पत्करली गेली.

बाहेरच्यांच्या बाजूने लिहिणारा पहिला माणूस व्यवसायाने मेंदूविज्ञानाचा प्राध्यापक होता. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील जॉन एरिक होम्स यांनी नवख्यांसाठी सुबोध आवृत्ती तयार करण्याची तयारी स्वतःहून दर्शवली आणि १९७७ साली त्यांची 'बेसिक सेट' ही पेटी आली. मूळ पुस्तिकांतील मजकूर बराचसा तोच. पण होम्स यांनी तो पहिल्या तीन पायऱ्यांपुरता मर्यादित केला, क्रम लावला आणि शेवटी झेनोपस या जादूगाराच्या पडक्या बुरुजाखालचे एक लहानसे भुयार नमुना म्हणून जोडले. भाष्यकाराचे हे काम. खपाचा वेग असा की १९७९च्या सुमारास फासे पुरेनात. तेव्हा पेटीत अंक छापलेल्या चिठ्ठ्या घालण्यात आल्या. त्या कापायच्या, पेल्यात टाकायच्या आणि न बघता एक उचलायची. पुढे फासे मिळाले तेही अंक कोरलेले पण रंग न भरलेले, सोबत रंगकांडी. नवख्याने पहिला संध्याकाळचा वेळ वीस बाजूंच्या फाशावर मेणाचा रंग घासण्यात घालवावा, हाही दीक्षाविधीच म्हणायचा.

होम्स यांच्या पेटीबरोबर काही काळ माइक कार यांचे 'इन सर्च ऑफ द अननोन' हे १९७८च्या सुमाराचे साहस येत असे. आमच्या दृष्टीने या संपूर्ण परंपरेतील ती सर्वांत कल्पक संहिता आहे. झेलिगर हा जादूगार आणि रोगान हा योद्धा यांनी क्वास्क्वेटन नावाची गुहा खोदवली. दोघे मोहिमेवर गेले ते परतले नाहीत आणि गुहा ओस पडली. एकेका दालनाचे वर्णन तपशीलवार आहे : कुठे काय मोडलेले, भिंतीवर काय, एका दालनात चौदा तळी आणि प्रत्येकात वेगळे द्रव. पण प्रत्येक दालनाच्या वर्णनाखाली दोन ओळी कोऱ्या सोडलेल्या आहेत. इथे कोणता प्राणी राहतो? इथे कोणते धन आहे, आणि नेमके कुठे? पुस्तकाच्या शेवटी प्राण्यांची आणि धनाची यादी दिलेली आहे; त्यांतून निवडून नव्या सूत्रधाराने पेन्सिलीने ओळी भरायच्या. सगळ्या भरायच्या नाहीत, काही दालने रिकामीच बरी, असेही सुचवलेले आहे.

त्याच काळात वोल्फगांग इझर यांचा वाचनक्रियेवरील ग्रंथ जर्मनमधून (१९७६) इंग्रजीत (१९७८) आला आणि संहितेतील 'रिकाम्या जागा' वाचक कसा भरतो, याची चर्चा साहित्याच्या वर्गांत सुरू झाली. या दोहोंत संबंध जोडण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. इझर यांची जागा मनात भरली जाते, कार यांची कागदावर. पण शिकवण्याच्या दृष्टीने फरक मोठा आहे. कारांचा वाचक कोऱ्या ओळीशी थांबतो तेव्हा त्याला प्रश्न पडतो की भिजलेल्या कोठारात अस्वल ठेवावे की विंचू, आणि का. ज्या क्षणी तो 'का'चे उत्तर शोधू लागतो त्या क्षणी तो सूत्रधार झालेला असतो. नियमाचे एकही जास्तीचे वाक्य न लिहिता एका माणसाला वाचकाच्या जागेवरून लेखकाच्या जागेवर नेऊन बसवायचे, हे काम दोन कोऱ्या ओळींनी केले. पुढे या साहसाची जागा गायगॅक्स यांच्या 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स'ने घेतली. ते लोकप्रियतेत कितीतरी पुढे गेले. तेथील गढीत किल्लेदार आहे, धर्मगुरू आहे, खानावळवाला आहे, सावकार आहे, पण त्यांना नावे नाहीत. रिक्त जागा तेथेही आहे, फक्त आता ती दाखवून दिलेली नाही.

टॉम मोल्डव्हे यांची १९८१ची आवृत्ती चोख आणि नेटकी आहे. तिच्या नमुनासंवादात एक पात्र पेटी उघडताना विषारी सुईने मरते आणि उरलेले खेळ पुढे चालू ठेवतात. खेळात मरण आहे आणि त्याचा फार बाऊ करायचा नसतो, हे नवख्याला इतक्या सहजपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

मरणाचा बाऊ करणारी आवृत्ती दोन वर्षांनी आली. फ्रँक मेंट्झर यांची १९८३ची लाल पेटी, वर लॅरी एल्मोर यांनी रंगवलेला तांबडा ड्रॅगन. आधीची पुस्तके ज्याला आजूबाजूला मित्र आहेत अशा वाचकासाठी होती. मेंट्झर यांनी गृहीत धरले की मूल एकटे आहे, पेटी आताच उघडली आहे आणि समजावून सांगायला घरात कोणी नाही. म्हणून खेळाडूची पुस्तिका नियमांनी सुरूच होत नाही. ती द्वितीय पुरुषात गोष्ट सांगू लागते : तू योद्धा आहेस, गावाजवळच्या गुहेत जातो आहेस. एक गॉब्लिन भेटतो, मग साप, आणि लढता लढता फासा कधी टाकायचा ते कळत जाते. पुढे अलीना नावाची धर्मसेविका भेटते. ती जखमा बऱ्या करते, आपल्या व्रताविषयी बोलते, प्रेतपिशाच्चांना पळवून लावते. ती स्वभावाने प्रेमळ आहे, आणि खरे सांगायचे तर ती एक चालती-बोलती परिभाषासूची आहे. जी माहिती मोल्डव्हे परिच्छेदात देतात ती मेंट्झर एका व्यक्तिरेखेच्या मुखी घालतात. आणि मग बार्गल हा जादूगार तिला मंत्रबाणाने ठार करतो.

या मरणावर आजही पन्नाशीतले खेळाडू हळहळतात. ते स्वाभाविक आहे. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला ज्या व्यक्तीने शिकवले ती पानभराच्या ओळखीनंतर जाते आणि वाचकाला काहीही करता येत नाही. पण टीकेचा मुद्दा तिथेच आहे. ज्या खेळाचा प्राण 'तू काय करतोस?' या प्रश्नात आहे, त्याची पहिली ओळख अशा प्रसंगातून व्हावी की जिथे तू काहीही केलेस तरी अलीना मरणारच. दुसऱ्या बाजूने हेही मान्य केले पाहिजे की बार्गलला शोधून काढण्याची जी तळमळ त्यातून निर्माण झाली तिने मुलांना मित्र गोळा करायला लावले. मेंट्झर यांनी निवडीचे स्वातंत्र्य देऊन वाचकाला आत आणले नाही. त्यांनी त्याला सूड घेण्याचे कारण दिले. कादंबरीकाराची ही युक्ती आहे, आणि ती खेळापेक्षा कादंबरीच्या जातकुळीची आहे. आम्हांला कारांच्या दोन कोऱ्या ओळी अधिक प्रामाणिक वाटतात; पण एकट्या मुलाच्या हाती त्या किती उपयोगी पडल्या असत्या, याची शंका राहतेच.

याच लाल पेटीचा जपानी अनुवाद १९८५ साली झाला, आणि या इतिहासातील आमच्या मते सर्वांत वाङ्मयीन वळण जपानमध्ये आले. तेथील तरुण वाचकाला भूमिकाखेळ म्हणजे संगणकावरचा खेळ एवढेच माहीत होते. 'ड्रॅगन क्वेस्ट' १९८६ मध्येच आला होता. माणसे टेबलाभोवती बसून तोंडाने बोलून हे खेळतात, ही गोष्ट त्याला सांगून पटणार नव्हती. संगणकी खेळापासून वेगळेपण दाखवण्यासाठी जपानीत 'टेबल-टॉक आरपीजी' असा शब्द घडवावा लागला. टेबलावरचे बोलणे : या नावानेच अर्धी ओळख करून दिली. उरलेली अर्धी 'कॉम्प्टिक' या संगणकखेळांच्या मासिकाने १९८६च्या उत्तरार्धापासून करून दिली. यासुदा हितोशी यांच्या 'ग्रुप एसएनई' या मंडळीने 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रत्यक्ष खेळून त्याचा वृत्तान्त तेथे क्रमशः छापला. सूत्रधार होते मिझुनो र्यो. या प्रकाराला 'रीप्ले' म्हणतात.

रीप्लेची मांडणी नाटकासारखी असते : पात्राचे नाव, मग त्याचे बोलणे. पण बोलतो तो कधी पात्र म्हणून, कधी खेळाडू म्हणून. मध्येच फासे पडतात, कोणी कुरकुरते, कंसात हशा येतो. १९७४च्या पुस्तिकेतला तो चार ओळींचा दृष्टान्त इथे इतका फुगला की सूत्राची जागा त्यानेच घेतली. वाचक नियम न वाचता महिनोन्‌महिने खेळ वाचत राहिला आणि खेळ शिकला. एखादा कीर्तनकार घरी येऊ शकत नसेल तर त्याच्या कीर्तनाचे शब्दशः टिपण श्रोत्यांच्या प्रश्नांसकट छापावे, तसा हा उद्योग आहे. या वृत्तान्ताला 'लोडोस-तो सेन्की', म्हणजे लोडोस बेटाच्या युद्धाचा वृत्तान्त, असे नाव होते. त्यातील डीडलिट ही एल्फ तरुणी जपानी अद्भुतकथेतील एक मानदंड झाली. मूळ खेळात ती भूमिका यामामोतो हिरोशी या पुरुष लेखकाने केली होती, हे रीप्लेच्या वाचकाला ठाऊक असते. मिझुनो यांनी १९८८पासून त्याच कथानकावर कादंबऱ्या लिहिल्या, पुढे ॲनिमेशनपट झाले. याच मंडळीने १९८९ साली 'सोर्ड वर्ल्ड' हा स्वतःचा खेळ काढला तो खिशात मावणाऱ्या बुंको पुस्तकाच्या आकारात, साध्या सहा बाजूंच्या फाशांवर. म्हणजे चौदा वर्षांपूर्वी फिनिक्सच्या ग्रंथपालाने जे केले तेच.

परक्या पद्धतीची ओळख करून देण्याचा एक प्रश्न आतापर्यंत बाजूला राहिला. कोरी पाटी असलेल्यापेक्षा आधी दुसरा खेळ खेळलेला माणूस कधी कधी अवघड विद्यार्थी ठरतो. १९८१ साली सँडी पीटर्सन यांचा 'कॉल ऑफ क्थुलू' आला तेव्हा त्याचे बहुतेक ग्राहक 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळून आलेले होते. दार दिसले की फोडायचे, राक्षस दिसला की मारायचे, ही त्यांची सवय. एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांवर आधारलेल्या या खेळात राक्षसाशी लढणे म्हणजे बहुधा मरणे किंवा वेड लागणे. पात्राच्या मनःस्वास्थ्याचे गुण कमी होत जातात आणि ते परत मिळवणे कष्टाचे असते. ही सवय मोडायची कशी? नियमपुस्तकाने त्यासाठी उपदेश केला नाही. त्यात एक झपाटलेले घर दिले. आधी वर्तमानपत्रांची जुनी कात्रणे, नोंदी, शेजाऱ्यांच्या मुलाखती; मग घर. जो चौकशी न करता सरळ घरात शिरतो त्याला घरच काय ते समजावते. पहिल्या आवृत्तीपासूनचे हे साहस पुढच्या आवृत्त्यांतही नवख्यांसाठी पुन्हा पुन्हा छापले गेले आहे, आज ते विनामूल्य मिळणाऱ्या परिचयपुस्तिकेतही आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ एकच धडा शिकवणारा पाठ आपल्या पाठ्यपुस्तकांत फार थोडा सापडेल.

२०१५च्या मार्चपासून 'क्रिटिकल रोल' या कार्यक्रमात व्यावसायिक ध्वनि-अभिनेते कॅमेऱ्यासमोर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळू लागले आणि लाखो प्रेक्षक तासन्‌तास ते पाहू लागले. हा रीप्लेचाच अवतार, पण कागदावरचा रीप्ले संपादित असे. त्यात अडखळणे, कंटाळा, नियमांचा घोळ हे सारे लेखकाच्या कात्रीतून येई आणि विनोद होऊन येई. अभिनेत्यांना पाहून खेळायला आलेला नवखा स्वतःच्या टेबलावर तशाच आवाजांची अपेक्षा करतो आणि आपल्याला अभिनय येत नाही म्हणून गप्प बसतो. दृष्टान्त फार देखणा झाला की तोच अडसर होतो, अशी तक्रार सूत्रधारांकडून वारंवार ऐकू येते.

त्याच्या एक वर्ष आधी, २०१४ साली, या खेळाच्या पाचव्या आवृत्तीची परिचयपेटी आली होती. बत्तीस पानांचे नियम, चौसष्ट पानांचे साहस, सहा फासे आणि आधीच तयार करून ठेवलेली पाच पात्रे. नियमांच्या दुप्पट दृष्टान्त, असे ते प्रमाण आहे. पाचही पात्रांचे बळ, चापल्य, शस्त्रे, पूर्वायुष्य, गुणदोष सारे छापलेले आहे. प्रत्येक कागदावर सर्वांत वर, डाव्या कोपऱ्यात, नावाची ओळ मात्र कोरी आहे.